हॉस्टेलचं गरम पाणी: पुण्यातल्या एका कॅम्पसवर गच्ची, सावली आणि सोलरचा निर्णय कसा झाला

पुण्यात हीटिंग म्हटलं की खोल्या गरम करणं कुणाच्या डोक्यातच येत नाही, आपल्याकडे हीटिंग म्हणजे आंघोळीचं पाणी, एवढंच, आणि डिसेंबरात सकाळी ११-१२ अंशांना चारशे पोरं एकाच तासात आंघोळीला उभी राहिली की हा एवढासा विषय किती मोठा आहे ते कळतं. हे प्रकरण शहराच्या पश्चिमेकडच्या एका विद्यापीठ कॅम्पसचं आहे, नाव लिहीत नाही. मी तिथे मेकॅनिकल शिकवते आणि नव्या हॉस्टेलचा नकाशा ठरत होता त्या काळात हॉस्टेल समितीवर होते. सविस्तर लिहितेय कारण अशीच इमारत आत्ता पुण्यात दुसरीकडे कुठेतरी कागदावर असणार, आणि ती कागदावर आहे तोवरच तिच्यात बदल करणं सोपं आहे.

आधी जुनं हॉस्टेल. चार मजली, गच्चीवर सोलर वॉटर हीटरचे दहा संच, प्रत्येकी ५०० लिटरचे, सपाट पॅनेलवाले, आत तांब्याच्या नळ्या. इमारत झाली तेव्हा भोगवटा पत्रासाठी बसवले होते. बांधकामाच्या नियमात हॉस्टेलला सोलर पाणी हवं असं आहे, आता राज्याची जी एकत्रित नियमावली आहे, २०२० ची युडीसीपीआर, तिच्यातही सोलर वॉटर हीटिंग आणि छतावरच्या सोलर विजेची तरतूद आहे. म्हणजे कागदावर सगळं बरोबर. संच बसले, फोटो काढले, पत्र मिळालं. मी समितीवर आले तेव्हा दहापैकी तीन संच धड चालत होते. बाकीच्या सातांत काय होतं तर टाकीत बसवलेलं इलेक्ट्रिक एलिमेंट, जे पावसाळ्यासाठी बॅकअप म्हणून असतं ते, बारा महिने चोवीस तास चालू. सोलरची टाकी म्हणजे गच्चीवर ठेवलेला एक मोठा गीझर झाला होता आणि वीजबिलात तो कुणाला वेगळा दिसतही नव्हता. शिवाय खोल्याखोल्यांत बादलीत टाकायचे रॉड. रेक्टर सर ते जप्त करायचे, पोरं नवे आणायची, एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा स्विच, पडायचा, हे रोजचंच.

असं का झालं ते शोधायला मी बरेच दिवस घातले आणि शेवटी खरं उत्तर दिलं ते तिथल्या प्लंबर काकांनी, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मलाच त्याचा अर्थ लागायला वेळ लागला. काका म्हणाले, "मॅडम, पाणी वर तापतंय, पण खाली पोचत नाहीये." गच्चीवरच्या टाकीपासून तळमजल्याच्या शेवटच्या बाथरूमपर्यंत पाइप जवळजवळ ४० मीटर होता. एक इंची पाइपमध्ये मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. म्हणजे रात्रभर गार झालेलं २० लिटर पाणी, आपली एक भरलेली मोठी बादली, आधी सोडून द्यायची तेव्हा कुठे गरम येणार. सकाळी सहाला पहिला जो येतो तो बादलीभर पाणी मोरीत सोडतो, किंवा कंटाळून गार पाण्यानेच उरकतो आणि संध्याकाळी रॉड आणतो. दोन मुलांनी प्रोजेक्ट म्हणून बादल्या आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन आठवडाभर प्रत्येक मजल्यावर हे मोजलं. ज्या कॅम्पसला उन्हाळ्यात रोज टँकर लागतात तिथे गरम पाण्याची वाट बघण्यात बादल्यांवर बादल्या वाहून चालल्यात, हे त्यांनी तक्ता करून समितीसमोर ठेवलं तेव्हा खोलीत शांतता झाली. मला त्या पोरांचा फार अभिमान वाटला, अजून वाटतो.

यावर उपाय म्हणजे रिटर्न लाइन. गरम पाण्याचा पाइप शेवटच्या नळापाशी संपवायचा नाही, तो फिरवून परत टाकीकडे न्यायचा, एक छोटा पंप सकाळी आंघोळीच्या आधी थोडा वेळ चालवायचा की पाइपातलं गार पाणी टाकीत परत जातं. पण इमारत झाल्यावर रिटर्न लाइन टाकायची म्हणजे चार मजल्यांच्या डक्ट, म्हणजे पाइप जातात ते उभे कप्पे, फोडायच्या, टाइल्स काढायच्या, पाइपांना उष्णता धरणारं आवरण घालायचं. नकाशात असती तर ती एक जास्तीची रेघ होती.

दुसरं कारण पाणी. महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी धरणाचं, तसं मऊ. पण कॅम्पसला ते पुरत नाही म्हणून बोअर आणि टँकर, आणि बोअरचं पाणी जड. जड पाणी तापलं की क्षार धरतो, बारीक तांब्याच्या नळीत तर फारच, दोन-तीन वर्षांत नळी आतून चोंदते आणि पॅनेल उन्हात नुसतं तापत बसतं. जड पाणी असेल तिथे काचेच्या नळ्यांचे संच घ्यावेत किंवा मध्ये हीट एक्स्चेंजर, म्हणजे पाणी न मिसळता नुसती उष्णता पलीकडे देणारा भाग, टाकावा हे या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. आमच्याकडे टेंडर निघालं तेव्हा पाण्याची तपासणीच केली नव्हती, आणि गच्चीवर टाकी एकच होती, सगळं पाणी त्यात एकत्र.

तर अशा पार्श्वभूमीवर नव्या हॉस्टेलचा नकाशा समितीसमोर आला. अकरा मजली, ३५ मीटर उंच, चारशे मुलं. सोलर वॉटर हीटर म्हणून गच्चीवर एक चौकोन काढलेला, त्यात चार अक्षरं लिहिलेली, बस्स. पण माझी नजर त्या चौकोनावर नाही तर साइट प्लॅनवर अडकली. नवी इमारत जुन्या हॉस्टेलच्या बरोबर दक्षिणेला, मध्ये १२ मीटर अंतर. नियमाप्रमाणे सोडायची जागा सोडलेली होती, त्यात चूक काही नव्हती.

आता हिशोब बघा. पुणे साडेअठरा अक्षांशावर. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य सगळ्यात वर असतो तेव्हा, म्हणजे आपल्या घड्याळात साडेबाराच्या सुमारास, तो क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो. त्या कोनाला सावली उंचीच्या ०.९ पट पडते. नवी इमारत ३५ मीटर, जुनी गच्ची १३ मीटरवर, फरक २२ मीटर. म्हणजे जुन्या गच्चीच्या पातळीला सावली उत्तरेकडे २० मीटर जाणार. मधलं अंतर १२, तेव्हा गच्चीची दक्षिणेकडची ८ मीटर पट्टी ऐन दुपारी सावलीत, आणि गच्चीची रुंदीच १४. गरम पाणी सगळ्यात जास्त लागतं त्याच ऐन डिसेंबरात जुन्या हॉस्टेलची अर्ध्याहून जास्त गच्ची अंधारात, आणि आम्ही तर तेच संच दुरुस्त करायच्या गोष्टी करत होतो. हे जर पाया भरल्यावर लक्षात आलं असतं तर कायमचं गेलं होतं, कारण इमारत काही सरकवता येत नाही.

आर्किटेक्ट मॅडमना मी हे बोलले तेव्हा त्या आधी थोड्या नाराज झाल्या, साहजिक आहे, सहा महिन्यांचं काम होतं त्यांचं. त्यांनी जे उत्तर दिलं तेही खरंच होतं, की मला वारा, उजेड, अग्निशमनाच्या गाडीचा रस्ता, पार्किंग हे सगळं विचारतात, शेजारच्या गच्चीवरच्या उन्हाचं मला कुणीच विचारलं नाही. पण चार दिवसांनी त्या स्वतः तीन पर्याय काढून घेऊन आल्या. त्यातला एक होता पार्किंग दक्षिणेला आणि इमारत उत्तरेला, म्हणजे जागांची अदलाबदल. इमारत उत्तरेला गेली की तिची सावली मैदानाच्या कडेला पडते, कुणाचं नुकसान नाही. अडचण एकच, त्या जागेत चार जुनी झाडं होती, एक चिंच आणि तीन कडुनिंब, आणि झाड तोडायचं म्हणजे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, जी अवघड असते आणि असायलाच हवी. सौरऊर्जेसाठी चिंच तोडली असं मला कुणाला सांगता आलं नसतं. शेवटी इमारतीचा एक कोपरा आत घेतला, त्यात प्रत्येक मजल्यावरची एक स्टोअररूम गेली, झाडं राहिली. या एका बदलाला चार मीटिंग लागल्या. इस्टेट विभागातल्या लोकांना वाटत होतं की परवानगीला उशीर होणार, किंमत वाढणार, आणि त्यांच्यावर तारखेचा दबाव खरोखर होता, त्यामुळे त्यांचा विरोध मला समजत होता. व्यवस्थापन परिषदेत शेवटी पटलं ते सावलीच्या चित्रामुळे. २१ डिसेंबर, सकाळी १०, दुपारी साडेबारा, दुपारी ३, अशी तीन चित्रं, काळ्या रंगात सावली. आकड्यांनी जे झालं नाही ते त्या तीन कागदांनी केलं.

मग प्रश्न आला की नव्या इमारतीत पाणी तापवायचं कशावर. इथे आमच्यात खरोखर मतभेद होते.

एक गट म्हणत होता पाइप गॅसचा बॉयलर लावा. पाइप गॅस पुरवणाऱ्या एमएनजीएल कंपनीची लाइन रस्त्यापर्यंत आलेली आहे, बॉयलर भरवशाचा, पाऊस असो ऊन असो. सोय म्हणून बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. पण आत्ता बॉयलर लावला की पुढची पंधरा-वीस वर्षं रोज गॅस जाळायचं ठरवून टाकलं. एका सरांनी अमेरिकेतल्या बॉल स्टेट युनिव्हर्सिटीचं उदाहरण आणलं होतं, इंडियानात आहे ती, तिथे कोळशाचे बॉयलर बंद करून जमिनीत जवळजवळ ३६०० बोअर मारले आणि जमिनीच्या उष्णतेवर कॅम्पसच्या इमारती गरम ठेवतात. ऐकायला फार छान, आणि त्यांच्यासाठी ते योग्यच आहे, तिथे हिवाळ्यात हवा शून्याच्या खाली जाते म्हणून उष्णता जमिनीतून काढावी लागते. आपल्याकडे डिसेंबरातसुद्धा दुपारची हवा २९-३० अंश असते. बेसाल्टमध्ये बोअर मारत बसायची गरजच नाही, जी उष्णता पाहिजे ती हवेतच आहे. दुसऱ्याचं उदाहरण बघावं पण आपली हवा विसरू नये. एका वयस्कर सरांनी लाकडाच्या गोळ्यांवरचा बॉयलर सुचवला, थोडक्यात मोठा बंब, माझ्या आजीकडे होता तसा तांब्याचा बंब मला लगेच आठवला. पण धूर, राख, रोज तो पेटवायला माणूस, दाट वस्तीत ते नको असं लवकर ठरलं.

राहिले दोन पर्याय, पुन्हा सोलर वॉटर हीटर, किंवा छतावर सोलर वीज आणि खाली हीट पंप. हीट पंप म्हणजे उलटा चालणारा फ्रिज समजा, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, एक युनिट वीज घेऊन साधारण तीन युनिट उष्णता देतो.

कागदावरचा हिशोब असा झाला. एका मुलाला ४० अंशांचं ३० लिटर पाणी धरलं, म्हणजे ६० अंशांचं १५ लिटर आणि तेवढंच गार. चारशे मुलांना रोज ६००० लिटर, ६० अंशांचं. हिवाळ्यात टाकीतलं पाणी २० अंशांचं धरलं तर ४० अंश वाढवायचे, त्याला उष्णता लागते सुमारे २८० युनिट. गीझर लावले तर २८० युनिट वीज रोज. हीट पंपाला ९३-९४. फरक दिवसाला १८५ युनिटच्या वर, दहा रुपये युनिट धरलं तर रोजचे अठराशे रुपये, आणि यात पाइपातून वाया जाणारी उष्णता धरलेली नाही.

आता गच्ची. सोलर वॉटर हीटरला १०० लिटरला २ चौरस मीटर पॅनेल लागतं, म्हणजे १२० चौरस मीटर, आणि पॅनेलच्या एका रांगेची सावली दुसरीवर पडू नये म्हणून मध्ये जागा सोडली की दुप्पट, २४० च्या आसपास. सोलर वीज घेतली तर एका किलोवॅटला पुण्यात सरासरी रोज ४ युनिट मिळतात, ९४ युनिटला साडेतेवीस किलोवॅट, किलोवॅटला १० चौरस मीटर, म्हणजे परत २३५-२४०. दोन्हीकडे गच्ची तेवढीच! मला हे अपेक्षित नव्हतं. मी आयुष्यभर वर्गात सांगत आले की उन्हाची आधी वीज करून मग तिची उष्णता करणं हे वाकडं काम, थेट पाणी तापवा. पॅनेलच्या चौरस मीटरमागे अजूनही ते खरंच आहे, पण हीट पंप मध्ये आला की तो तोटा बराचसा भरून निघतो.

मग निर्णय कशावर झाला तर हॉस्टेलच्या कॅलेंडरवर. ही गोष्ट लक्षात आणून दिली मेसच्या ताईंनी, ऊर्जेशी त्यांचा काही संबंध नाही, त्या समितीत मेसच्या बाजूने होत्या. त्या म्हणाल्या, "मे महिन्यात माझ्याकडे जेवायला चाळीस पण मुलं नसतात, तुमचं गरम पाणी तेव्हा कोण वापरणार?" बरोबर! एप्रिल-मे मध्ये पुण्यात सगळ्यात जास्त ऊन आणि तेव्हाच हॉस्टेल रिकामं. सोलर हीटरचं पाणी तेव्हा उकळून उकळून व्हेंटमधून वाफ होऊन जातं, नळ्यांवर ताण येतो, क्षार जास्त बसतो, आणि ती उष्णता साठवून डिसेंबरला नेता येत नाही. वीज मात्र लायब्ररीला, लॅबला, आणि नेट मीटरिंगवर, म्हणजे उरलेली वीज देऊन बिलात वळती करून घ्यायच्या सोयीने, ग्रिडला जाते. पावसाळ्यातही तसंच, ढगाळ दिवशी हीटरचं पाणी कोमट राहतं आणि एलिमेंट लागतं, सोलर विजेचं पॅनेल कमी का होईना काहीतरी देतं.

ठरलं ते असं. नव्या इमारतीत सोलर वीज आणि हीट पंप, जुन्या इमारतीत, जिथे ऊन आता वाचलं होतं, तिथे काचेच्या नळ्यांचे नवे संच, कारण हीट पंपाला लागणारा जादा लोड त्या जुन्या वायरिंगवर टाकायचा म्हणजे सगळी वायरिंग बदलावी लागली असती. गॅसचा बॉयलर नाही. हीट पंप चालवायचे दुपारी बारा ते चार, कारण हवा तेव्हा गरम, पॅनेलची वीज तेव्हा आपलीच, आणि चांगलं आवरण असलेल्या टाकीत पाणी सकाळपर्यंत फार तर पाच-सहा अंश उतरतं. पहाटे पाचला १२ अंशांच्या हवेत तोच पंप चालवला तर तेवढ्याच पाण्याला बरीच जास्त वीज खातो. टाकीतलं पाणी ६० च्या आसपासच ठेवायचं असंही लिहून घेतलं, कारण वीज वाचवायला कोणीतरी ते ४५ वर आणणार आणि कोमट साठवलेल्या पाण्यात लीजिओनेलासारखे जिवाणू वाढतात.

हे सगळं नकाशात उतरवलं. गरम पाण्याची टाकी गच्चीच्या कोपऱ्यात नाही तर बाथरूमच्या डक्टच्या डोक्यावर, पाइप छोटा राहावा म्हणून. भरलेल्या टाकीत नुसतं पाणीच ६ टन, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी सांगून तिथला स्लॅब तसा धरला. रिटर्न लाइन प्रत्येक डक्टमध्ये. वरच्या पाण्याच्या टाकीचे दोन भाग, एकात फक्त महापालिकेचं पाणी, ते आंघोळीला आणि गरम पाण्याला, दुसऱ्यात बोअर-टँकरचं, फ्लशला. गरम पाण्याला स्वतंत्र वीजमीटर, म्हणजे जुन्या हॉस्टेलसारखं बिलात लपून राहायचं नाही. हीट पंपाच्या पंख्यांचा आवाज असतो, ते आधी रीडिंग रूमच्या खिडकीखाली दाखवले होते, मुलांनीच हरकत घेतली, मग ते जिन्याच्या मागे गेले.

मेसचंही थोडं सांगते. दिवसाला १०० किलोच्या वर कचरा होतो त्यांनी ओला कचरा जागेवरच जिरवावा असं तेव्हाच्या, २०१६ च्या घनकचरा नियमात होतं, त्यामुळे बायोगॅसचा विषय आपोआप आला. दोन्ही हॉस्टेलचं मिळून तेवढं होतं. १०० किलोला ८-१० घनमीटर गॅस, म्हणजे साधारण ४ किलो एलपीजीचं काम, १९ किलोचा एक कमर्शियल सिलिंडर पाच दिवसांनी वाचला. आंघोळीच्या पाण्याला तो पुरणार नाही, पण भाताच्या शेगडीला पुरतो.

पहिल्या हिवाळ्यात नव्या इमारतीत त्याच पद्धतीने बादल्या मोजल्या, तेच स्टॉपवॉच, मुलं वेगळी कारण आधीची दोघं पास होऊन गेली. अर्ध्या तांब्याच्या आत गरम पाणी येतं, सगळ्या मजल्यांवर. एकही रॉड जप्त करावा लागला नाही असं रेक्टर सर म्हणाले.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पहिल्याच पावसाळ्यात एक हीट पंप बंद पडला, कॉइलवर कडुनिंबाची पानं आणि चिखल बसला होता, कोणी साफच केला नव्हता. तीन आठवडे बॅकअपच्या एलिमेंटवर चाललं, आणि ते कळलं ते त्या स्वतंत्र मीटरमुळेच. देखभालीचा करार आधी केला नव्हता ही आमची चूक, समितीची, माझीही. आता प्लंबर काकांकडे एक वही आहे, दर सोमवारी टाकीचं तापमान, मीटरचं रीडिंग, कॉइल साफ केली की नाही, ते स्वतः लिहितात, आणि त्या कामाचे वेगळे पैसे त्यांना मिळावेत म्हणून मी दोनदा पत्र दिलंय. अजून मंजुरी आलेली नाही.

गेल्या महिन्यात स्टाफ क्वार्टर्सचा नकाशा समितीकडे आला. मी आता सदस्य नाही पण बघायला बोलावलं होतं. पहिल्याच पानावर २१ डिसेंबरची सावली काढलेली होती, तीन वेळांची, न मागता. पाण्याच्या टाकीचे दोन भागही होते. मग काका पुढे झाले, डक्टच्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, रिटर्न लाइन कुठंय?" नव्हती. नकाशा परत गेला.